मोल्सवर्थ: आडनावाचं गाव आणि घराण्याचे कागद

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आजोबांच्या कपाटात मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे. लहानपणापासून ते नाव पाहत आलो. या आडनावाचा अर्थ काय? ते किती जुनं आहे? त्याच्या जुन्या नोंदी कुठे पाहायला मिळतात? आमचे एक सर सांगायचे की 'मोल' म्हणजे किंमत आणि इंग्रजीत 'वर्थ' म्हणजेही किंमत, म्हणून हा माणूस मराठीसाठीच जन्मला होता. यात काही तथ्य आहे का?"

मी गेली बावीस वर्षं घराण्यांचे कागद शोधून देण्याचं काम करते. सुरुवात पुण्यात मोडीपासून झाली. पुढे कंपनी सरकारच्या काळात इथे आलेल्या इंग्रज कुटुंबांच्या नोंदी वाचायला लागले, आणि त्या नोंदींचा माग काढत इंग्लंडमधल्या चर्चच्या वह्यांपर्यंत गेले. मोल्सवर्थ या आडनावावर माझा विशेष जीव आहे, तेव्हा उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी सरांचं म्हणणं घेते. ते ऐकायला गोड आहे, पण खरं नाही. आपलं 'मोल' संस्कृतातल्या 'मूल्य'वरून आलं, त्याचा त्या गावाशी काही संबंध नाही. इंग्रजीतही किंमत या अर्थाचा 'वर्थ' आणि गावांच्या नावात येणारा 'वर्थ' हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत. जुन्या इंग्रजीत त्यांचे उच्चारही वेगळे होते, पुढे झिजून ते सारखे झाले. काहीजण 'मोल' म्हणजे जमीन उकरणारा तो छोटा प्राणी, असं सांगतात. तेही टिकत नाही. त्या प्राण्याचं हे नाव इंग्रजीत चौदाव्या शतकाच्या सुमाराला दिसू लागतं आणि हे गाव त्याच्या कितीतरी आधी कागदावर आलेलं आहे. आजच्या शब्दाचा आजचा अर्थ घेऊन हजार वर्षांपूर्वीच्या नावाला लावायचा नाही, हा या कामातला पहिला धडा. नावाचं सगळ्यात जुनं लेखन शोधायचं आणि तिथून अर्थाकडे जायचं.

मोल्सवर्थ हे मुळात गावाचं नाव. इंग्लंडच्या पूर्व भागात हंटिंग्डनशायर नावाचा परगणा होता, आता तो केंब्रिजशायरमध्ये मोडतो. हंटिंग्डन शहराच्या पश्चिमेला सोळा-सतरा किलोमीटरवर हे छोटंसं खेडं आहे. आजच्या ब्रिटिश माणसाला ते ठाऊक असतं ते शेजारच्या हवाई तळामुळे. १९८० च्या दशकात तिथे अमेरिकेची क्रूझ क्षेपणास्त्रं आणायचं ठरलं तेव्हा शांततावादी लोक तिथे तळ ठोकून बसले होते आणि गावाचं नाव रोज वर्तमानपत्रात येत होतं.

गावाची जुनी नोंद १०८६ च्या डूम्सडे बुकात मिळते. विल्यम राजाने १०८५ च्या नाताळात हुकूम सोडला आणि त्यातून जवळजवळ सगळ्या इंग्लंडच्या जमिनीची ही मोजदाद झाली. कुठल्या गावात किती जमीन, किती नांगर, किती कुळं, मालक कोण, उत्पन्न किती, असा सगळा तपशील त्यात आहे. हंटिंग्डनशायरच्या भागात हे गाव 'मोलेसवर्दे' असं लिहिलं आहे. शेवटी 'थ'च्या जागी 'द' का आला? लिहिणारे कारकून फ्रान्सहून आलेल्या नॉर्मन राज्यकर्त्यांच्या चाकरीतले. इंग्रजांच्या तोंडचा 'थ' त्यांच्या कानाला परका होता, त्यामुळे ते 'द' किंवा 'त' लिहीत. सांगणाऱ्याने एक सांगितलं, ऐकणाऱ्याने आपल्या जिभेला झेपेल ते लिहिलं. आपल्याकडेही हेच झालं. कोशकार मोल्सवर्थसाहेबांना त्या काळचे मराठी लोक 'मोलेसर शास्त्री' म्हणत. साडेसातशे वर्षांचं आणि सात समुद्रांचं अंतर आहे, पण डूम्सडेचा कारकून आणि पुण्याचा शास्त्री, दोघांनीही एकाच नावाला आपापल्या तोंडासारखं वळवलं.

आता अर्थ. पहिला भाग 'मूल' हे जुन्या इंग्रजीतलं माणसाचं नाव आहे, आपला 'मूल' शब्द इथे आणू नका. त्याचा शब्दशः अर्थ खेचर. आई एका जमातीची आणि बाप दुसऱ्या जमातीचा अशा माणसाला ते टोपणनाव पडत असावं, असं काही अभ्यासक मानतात. या नावाचा एक माणूस इतिहासात ठळकपणे दिसतो. वेसेक्सच्या कॅडवाला राजाचा भाऊ मूल काही काळ केंटचा राजा होता आणि ६८७ साली केंटच्या लोकांनी त्याला जाळून मारलं. म्हणजे हे नाव खरोखर वापरात होतं, एवढं यातून कळतं. पण आपलं गाव याच राजाचं, असं मात्र म्हणू नका. शिवाजी नावाचा माणूस दिसला की तो छत्रपतींच्या कुळातला, असं आपण म्हणत नाही ना, तसंच हे.

दुसरा भाग 'वर्थ', म्हणजे कुंपण घालून बंदिस्त केलेली जागा, त्यातलं घर आणि शेत, आणि पुढे वाढलेली वस्ती. दोन्ही मिळून 'मूल नावाच्या माणसाची कुंपणातली वस्ती'. मला विचाराल तर याचं मराठी एका शब्दात होतं: मूलवाडी. आपला वाडा आणि वाडीसुद्धा संस्कृतातल्या 'वाट' या शब्दावरून आले, आणि तिथेही मूळ अर्थ कुंपण, आवार असाच आहे. आता तुमच्या आजोबांचा कोश काढा आणि त्यात 'वाडी' हा शब्द बघा. मोल्सवर्थांनी दिलेल्या अर्थांत कुंपणाने बंदिस्त केलेली बागायत जमीन हा अर्थ आहे, आणि शेतकऱ्यांच्या झोपड्यांची छोटी वस्ती हाही. आपल्या आडनावाच्या अर्ध्या भागाचा अर्थ तो माणूस मराठी शब्दासमोर लिहून गेला. ते पान मी पहिल्यांदा या नजरेने पाहिलं तेव्हा बराच वेळ कोश मिटवला नव्हता.

इथवर गावाचं झालं. गावाचं नाव माणसाला कसं चिकटतं, हे मराठी माणसाला फार समजावून सांगावं लागत नाही. १०६६ मध्ये नॉर्मन आले तोवर इंग्लंडमध्ये बहुतेकांना एकच नाव असे, फार तर एखादं टोपणनाव. नॉर्मन सरदारांनी आपल्या जहागिरीचं नाव लावायची पद्धत आणली. नावापुढे 'द' लावायचा आणि मग गाव. 'वॉल्टर द मोल्सवर्थ' म्हणजे आपल्या भाषेत वॉल्टर मोल्सवर्थकर. आपला 'कर' शेवटी येतो, त्यांचा 'द' आधी, एवढाच फरक. आणि 'कर'चा जो नियम आहे तोच तिथेही आहे: गावात राहणाऱ्याला गावाचं आडनाव मिळत नाही. साताऱ्यात साताऱ्याच्या माणसाला कोणी सातारकर म्हणून ओळखत नाही, तो पुण्याला किंवा बडोद्याला गेला की सातारकर होतो. म्हणून मोल्सवर्थ आडनावाचे लोक शोधताना फक्त मोल्सवर्थ गावात पाहत बसू नका. ते आडनाव ज्यांना लागलं ते बहुधा गाव सोडून गेलेले असतात.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या माणसाची इथे गल्लत होते. "आमचं आडनाव डूम्सडे बुकात आहे" असं अभिमानाने सांगतात. डूम्सडेत गाव आहे, घराणं नाही. १०८६ साली त्या वस्तीतल्या कुणबी-मजुरांची नावंसुद्धा त्यात लिहिलेली नाहीत, फक्त आकडे आहेत. गावाचं वय आणि घराण्याचं वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यामध्ये तीनेकशे वर्षांचा काळ आहे. त्या काळात आडनावं हळूहळू घट्ट झाली, आधी जमीनदारांत, मग शहरी व्यापाऱ्यांत, शेवटी शेतमजुरांत. दक्षिणेत ते लवकर झालं, उत्तरेत उशिरा. साधारण १४०० पर्यंत इंग्लंडमधल्या बहुतेक कुटुंबांत बापाचं आडनाव मुलाला लागायला लागलं होतं. १३७७, १३७९ आणि १३८१ साली डोईपट्टी बसली. तिच्या ज्या याद्या वाचल्या आहेत त्यांत हा बदल चालू असताना दिसतो. एकाच यादीत कुणाला खरं आडनाव आहे, तर कुणाला नुसतं 'अमक्याचा नोकर' असं लिहिलेलं आहे.

वॉल्टर द मोल्सवर्थ हा माणूस मी कल्पनेने आणलेला नाही. पहिल्या एडवर्ड राजाच्या कारकिर्दीत तो बेडफोर्डशायर आणि बकिंगहॅमशायर या जोडपरगण्यांचा शेरीफ होता. शेरीफ म्हणजे परगण्यातला राजाचा माणूस. वसूल गोळा करायचा आणि ठरल्या वेळी वेस्टमिन्स्टरला जाऊन पैशापैशाचा हिशेब द्यायचा. तो हिशेब चामड्याच्या पानांवर उतरे, पानं शिवून गुंडाळी करत आणि ती गुंडाळी नळीसारखी दिसे, म्हणून त्या दप्तराला पाइप रोल म्हणतात. बाराव्या शतकाच्या मध्यापासून ते १८३३ पर्यंत ही मालिका जवळजवळ अखंड आहे. ज्याच्या अंगावर सरकारी पैसा असतो त्याचं नाव कागदावर येतंच, आणि त्याच्याबद्दल सहसा कोणी खोटं लिहीत नाही. म्हणून वॉल्टर शेरीफ होता यावर मी विश्वास ठेवते. छापील वंशावळींत तो राजाबरोबर धर्मयुद्धावर गेला असंही सापडतं. ते मी बाजूला ठेवते. घराणं मोठं झालं की पूर्वज युद्धावर जातात, हे आपल्याकडच्या बखरींतही आहे.

पुढच्या शतकांत या नावाची दोन मोठी घराणी दिसतात. एलिझाबेथ राणीच्या काळात जॉन मोल्सवर्थ नावाचा माणूस कॉर्नवॉलच्या डचीचे, म्हणजे तिथल्या राजघराण्याच्या जहागिरीचे, हिशेब पाहण्याच्या कामावर इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला गेला आणि पेनकॅरो इथे स्थायिक झाला. त्याच्या वंशातल्या हेंडर मोल्सवर्थला १६८९ साली बॅरोनेट किताब मिळाला. तो जमैकाच्या वसाहतीत कारभारी होता, आणि त्या बेटावरची सगळी संपत्ती गुलामांच्या श्रमावर उभी होती, हे लिहिल्याशिवाय त्याचं नाव पुढे नेऊ नये. याच घराण्यातला सर विल्यम मोल्सवर्थ, १८१० ते १८५५, थॉमस हॉब्ज या तत्त्वज्ञाचं समग्र लेखन संपादित करणारा आणि शेवटच्या वर्षी वसाहतमंत्री झालेला.

दुसरं घराणं आयर्लंडमध्ये वाढलं. ऑलिव्हर क्रॉमवेलच्या फौजेबरोबर तिकडे गेलेला एक मोल्सवर्थ डब्लिनमध्ये व्यापारी झाला. त्याचा मुलगा रॉबर्ट, जन्म १६५६, पुढे इंग्लंडचा वकील म्हणून डेन्मार्कच्या दरबारी गेला, परत येऊन तिथल्या निरंकुश राजवटीवर त्याने परखड पुस्तक लिहिलं आणि १७१६ साली व्हायकाउंट, म्हणजे किताबधारी उमराव, झाला. रॉबर्टचा मुलगा रिचर्ड सैन्यात होता. १७०६ च्या रामिलीच्या लढाईत सेनापती मार्लबरो घोड्यावरून खाली पडला, शत्रूचे स्वार अंगावर आले, तेव्हा या तरुण अधिकाऱ्याने आपला घोडा त्याला दिला आणि तो वाचला. पुढे रिचर्ड तिसरा व्हायकाउंट झाला.

आणि मग नाव उलटं फिरतं. गावावरून माणसाला आलेलं नाव माणसावरून पुन्हा जागांना लागतं. डब्लिनमध्ये मोल्सवर्थ स्ट्रीट आहे, ती थेट लाइन्स्टर हाउसच्या, म्हणजे आयर्लंडच्या संसदेच्या दारासमोर येते. न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमध्येही मोल्सवर्थ स्ट्रीट आहे, ती सर विल्यमच्या नावाची, आणि न्यूझीलंडची संसद तिच्यावरच उभी आहे. हंटिंग्डनशायरच्या एका वाडीचं नाव दोन देशांच्या संसदेच्या दारात आहे.

आता थोडं सावध करते. वर सांगितला तो अर्थ 'मोल्सवर्थ' या गावाचा झाला. पण जुन्या नोंदींत हे आडनाव मोलसवर्थ, मॉल्सवर्थ, मोल्लेसवर्थ, मूल्सवर्थ अशा अनेक रूपांत येतं. अठराव्या शतकापर्यंत आडनावाचं लेखन पक्कं नव्हतंच, एकाच मृत्युपत्रात एकाच माणसाचं नाव दोन तऱ्हेने लिहिलेलं मी पाहिलं आहे. आणि इंग्लंडच्या वायव्येला चेशायरमध्ये मोल्ड्सवर्थ नावाचं दुसरं गाव आहे. ते 'मूल'चं गाव नाही. तिथला पहिला भाग टेकडी या अर्थाच्या शब्दावरून आला आहे, म्हणजे टेकडीजवळची वाडी. मधला 'ड' बोलताना सहज गळतो. मग चेशायरच्या बाजूला कुणी मॉल्सवर्थ सापडला तर त्याचं मूळ कुठलं? आडनावाचा कोश उघडून हे कळत नाही. त्याचा बाप, आजा, पणजा कागदांतून मागे मागे नेत जावं लागतं आणि पाय कुठल्या परगण्यात टेकतात ते पाहावं लागतं. आडनावाचा अर्थ गावाचा असतो, माणसाचं मूळ त्याच्या स्वतःच्या कागदांत असतं. पहिल्यावरून दुसरं ठरवायचं नाही, हे मी प्रत्येकाला सांगते आणि पुन्हा पुन्हा सांगते.

कागद कुठले? आजपासून मागे जायचं. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म-मृत्यू-लग्नाची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून आहे. नावनिशीवार जनगणना १८४१ पासून, पण खरी कामाची १८५१ ची, कारण तीत माणसाचा जन्म कुठल्या गावात झाला तेही लिहिलं आहे. १९२१ ची जनगणना २०२२ मध्ये खुली झाली. १९३१ ची आगीत गेली आणि १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही, तेव्हा त्या शोधत बसू नका.

१८३७ च्या मागे गेलात की चर्चची वही. १५३८ साली आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल (फौजेवाला ऑलिव्हर वेगळा, नंतरचा) याने हुकूम काढला की प्रत्येक पाद्र्याने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवावी. सुरुवातीच्या वह्या कागदी होत्या, पुष्कळ गेल्या. १५९८ मध्ये त्या चर्मपत्रावर उतरवायला सांगितलं, निदान एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणापासूनच्या तरी. म्हणून बऱ्याच गावांच्या वह्या १५३८ ऐवजी १५५८ ला सुरू होतात. त्याच सुमारास दरवर्षी एक प्रत बिशपकडे पाठवायचा नियम झाला. मूळ वही उंदरांनी खाल्ली असेल तर ही प्रत वाचवते.

एक पान जवळून दाखवते. सतराव्या शतकातली एक बाप्तिस्म्याची ओळ. तारीख, मुलाचं नाव, 'अमक्याचा मुलगा', बापाचं नाव, बस. आईचं नाव बऱ्याचदा नाही. अक्षर सेक्रेटरी हँड नावाच्या वळणाचं. त्यात 'ई' उलटा, 'सी' आजच्या 'आर'सारखा, 'एच'ची शेपटी ओळीखाली जाते. 'एम', 'एन', 'यू' आणि 'आय' हे सगळे एकसारख्या उभ्या काड्यांचे, मोजून ओळखायचे. मोडी शिकलेल्या माणसाला हे वळण लवकर जमतं, हा माझा अनुभव आहे, कारण अक्षर एकटं न बघता शब्दाचा पूर्ण घाट बघायची सवय त्याला असते. आणि मोल्सवर्थमधला मधला 'एस'? तो त्या काळी लांब काढत, थेट 'एफ'सारखा दिसतो. आजच्या संगणकीय सूच्या करणाऱ्यांनी तो अनेकदा 'एफ' वाचला आहे. त्यामुळे सूचीत 'मोलेफवर्थ' शोधल्यावर जे सापडतं ते 'मोल्सवर्थ' टाकून सापडत नाही. 'यू' असलेल्या रूपात 'यू' आणि 'एन' यांची अदलाबदल होऊन 'मोन्ल्सवर्थ'सुद्धा होतो. शोधताना स्वरांच्या जागी आणि 'एस'च्या जागी तारांकन टाका, सगळी पिलावळ एकदम समोर येईल.

तारखांचाही एक सापळा आहे. १७५२ च्या आधी इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणजे नोव्हेंबर १७०० मध्ये बाप्तिस्मा झालेलं मूल फेब्रुवारी १७०० मध्ये पुरलं गेलं, अशी नोंद दिसली तर पाद्री चुकलेला नाही. तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १७०१ चा.

माझी स्वतःची एक चूक सांगते, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. कॉर्नवॉलमधल्या एका कुटुंबाचं काम होतं. मला जॉन हवा होता, जॉनचा बाप्तिस्मा मिळाला, बापाचं नाव जुळलं, गाव जुळलं. मी तिथून मागे दोन पिढ्या गेले. दोन महिन्यांनी त्याच वहीचा दफनाचा भाग वाचताना तोच जॉन सात महिन्यांचा असताना पुरलेला दिसला. पुढच्या वर्षी त्याच आईबापाला मुलगा झाला आणि त्याचंही नाव जॉनच ठेवलं होतं. मेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला ठेवायची रीत तिकडे सर्रास होती. इथे आईबाप तेच निघाले म्हणून मागच्या पिढ्या वाचल्या, पण जन्मसाल चुकल्यामुळे लग्नाचं वय, मृत्युपत्रातलं वय, सगळं पुन्हा तपासावं लागलं. तेव्हापासून बाप्तिस्मा सापडला की मी लगेच पुढच्या दहा वर्षांची दफनं वाचते. त्या मुलाला आधी जगवायचं, मग त्याचा वंश वाढवायचा.

जमीनजुमला असलेल्यांची मृत्युपत्रं मिळतात. १८५८ च्या आधी ती चर्चच्या न्यायालयांत सिद्ध होत. त्यांतलं सगळ्यात मोठं कॅंटरबरीचं, त्याची मृत्युपत्रं लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि घरबसल्या पाहता येतात. मला विचाराल तर बाप्तिस्म्याच्या दहा ओळींपेक्षा एक मृत्युपत्र जास्त सांगून जातं. कुणाला पलंग, कुणाला गाय, कुणाला एक शिलिंग देऊन तोंड बंद केलं आहे, जावई कोण, भाऊ कुठे राहतो, सगळं एका कागदावर. १५३० ते १६८८ या काळात राजाचे वंशावळकार परगण्यांतून फिरून मानाच्या घराण्यांच्या वंशावळी लिहून घेत, त्याही उपयोगी पडतात. सांगणारा घरचाच माणूस असे, म्हणून त्यातला बाप-आजा-पणजा मी घेते, त्याच्या वरचं कागदाचा दुसरा आधार मिळेपर्यंत पेन्सिलीत ठेवते.

आयरिश मोल्सवर्थांच्या मागे लागलात तर मन घट्ट करा. ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिनचा सरकारी दप्तरखाना जळला. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचा मोठा भाग, मृत्युपत्रं, कित्येक चर्चच्या वह्या एका दिवसात गेल्या. जमिनीच्या व्यवहारांची नोंद मात्र वेगळ्या इमारतीत होती, ती १७०८ पासून शाबूत आहे. आयर्लंडमध्ये मी सुरुवातच तिथून करते.

आडनावाचं कुलचिन्ह म्हणून रंगीत ढाली विकतात, त्या घेऊ नका. इंग्लंडमध्ये ढाल एका माणसाला मिळते आणि त्याच्या वंशजांना लागते, आडनावाला नाही. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी अशी ढाल चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावली होती. कागद काढल्यावर त्यांचा त्या घराण्याशी काडीचा संबंध नव्हता, आणि त्यांचे खरे पूर्वज उत्तम सुतार होते, पाच पिढ्या एकाच गावात. मी तो कागद जास्त मोलाचा मानते.

राहिले कोशकार. जेम्स थॉमस मोल्सवर्थ, जन्म १७९५, तरुणपणी कंपनीच्या मुंबई लष्करात आले. सोलापूरच्या छावणीत १८१८ च्या सुमारास त्यांनी शब्द जमवायला सुरुवात केली, थॉमस आणि जॉर्ज कँडी हे भाऊ आणि मराठी शास्त्री मंडळी यांच्या साथीने १८३१ मध्ये कोश छापला, आणि १८५७ मध्ये साठ हजार शब्दांची दुसरी आवृत्ती काढली. ते पेनकॅरोच्या शाखेतले की डब्लिनच्या की तिसऱ्याच, हे त्यांच्या आडनावावरून सांगू पाहणाऱ्याला थांबवा. त्यांच्यापासून सुरुवात करून एकेक पिढी मागे जायचं.

पहिला कागद कुठला, तेही सांगते. कंपनीच्या लष्करात दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाला वयाचा पुरावा द्यावा लागे, म्हणजे चर्चच्या वहीतल्या बाप्तिस्म्याच्या नोंदीची पाद्र्याने सही केलेली नक्कल. ही कॅडेट पेपरची बाडं १७८९ पासूनची आहेत आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात ठेवलेली आहेत. मुंबई इलाख्यातले इंग्रजांचे बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या प्रती दरवर्षी लंडनला जात, त्या मालिकेचा क्रमांक एन-तीन. बंगालची एन-एक, मद्रासची एन-दोन. यांतलं पुष्कळसं आता संगणकावर आहे. ब्रिटिश काळातल्या भारतातल्या कुटुंबांवर काम करणारी फिबिस नावाची संस्था आहे, तिची सूची फुकट पाहता येते, तिथून सुरुवात करा. कॅडेट पेपरमधल्या त्या नकलेवर चर्चचं नाव, तारीख आणि बापाचं नाव असेल. तेवढ्या तीन गोष्टी हातात आल्या की मला कळवा, पुढची वही आपण मिळून वाचू.